‘थोडे’ आणि ‘थोडेच’



या सदरात आपण एरवी मुदतठेव, वारसनोंद, जामीनकी, विमा अशा विषयांचा विचार करतो. या वेळचा विषय वरकरणी इंग्रजी व्याकरणाचा आहे. तथापि प्रकरण मूळचे व्यापाराचे आहे, त्यात पैसा गुंतलेला होता आणि पैशाहून मोठी अशी साखही गुंतलेली होती. म्हणून ते आपल्यापुढे मांडण्यास संकोच वाटत नाही.

सांगलीचे आमचे एक स्नेही हळदीचे निर्यातदार आहेत. त्यांनी स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथील एका व्यापाऱ्यास प्रत्येकी 25 किलोच्या 400 गोण्या, म्हणजे 10 टन हळद पाठविली. माल पोहोचल्यावर तिकडून इंग्रजीत दोन ओळींचा ईमेल आला. तो देवनागरीत लिहायचा तर असा होता : ‘वी फाउंड फ्यू वेट बॅग्ज. प्लीज सेंड लिटल इन्फॉर्मेशन अबाउट द इन्शुरन्स.’ स्नेह्यांनी तो वाचला आणि त्यांना समाधान वाटले. भिजलेल्या गोण्या फारशा नाहीत, आणि विम्याविषयीही फारसे काही विचारणे नाही, असा त्यांनी अर्थ घेतला. उत्तरादाखल ‘हे वाचून आनंद झाला, आभारी आहोत’ अशी एक ओळ पाठवून त्यांनी विषय मिटविला.

पाच आठवड्यांनी दुसरा ईमेल आला. त्यात पुढील मागणी स्थगित केल्याचे कळविले होते आणि ‘आमचे नुकसान झाल्याचे वाचून आपणांस आनंद का व्हावा?’ असा सरळ प्रश्न होता. स्नेही गोंधळून गेले. दोन्ही पत्रांच्या प्रती घेऊन ते माझ्याकडे आले. निवृत्तीनंतर मी दोन वर्षे स्पॅनिशचे प्राथमिक वर्ग केले आहेत, एवढ्या भांडवलावर त्यांनी मला या प्रकरणात ओढले.

चौकशीअंती उलगडा झाला तो असा. तिकडच्या पेढीचे मालक इंग्रजी जाणत नाहीत. पत्रव्यवहार करणारी मुलगी नवी होती आणि नुकतीच इंग्रजी शिकू लागली होती. तिला म्हणावयाचे होते, ‘काही गोण्या भिजलेल्या आढळल्या, विम्यासंबंधी थोडी माहिती पाठवावी.’ भिजलेल्या गोण्या 14 होत्या. विमा उतरविण्याची जबाबदारी आपल्या स्नेह्यांची होती, म्हणून विमा कंपनीच्या तिथल्या प्रतिनिधीचे नाव-पत्ता तिला हवा होता. तो वेळेत न मिळाल्याने पाहणी झाली नाही, माल गोदामातून हलला आणि दाव्याचा आधारच निसटला. इंग्रजीतील एका अक्षराचा शब्द, ‘अ’, दोन ठिकाणी गळला होता. ‘अ फ्यू’ म्हणजे काही, थोड्या. नुसते ‘फ्यू’ म्हणजे अगदी थोड्याच, जवळजवळ नाहीतच. ‘अ लिटल’ म्हणजे थोडीशी. नुसते ‘लिटल’ म्हणजे नसल्यासारखीच.

आपल्या मराठीत हे काम ‘च’ करतो. ‘घरात थोडे पैसे आहेत’ या वाक्यात दिलासा आहे. ‘घरात थोडेच पैसे आहेत’ यात चिंता आहे. रक्कम तीच असेल, पण एका वाक्यात शिल्लक दिसते आणि दुसऱ्यात तूट. मौज अशी, की मराठीत तूट दाखविण्यासाठी ‘च’ जोडावा लागतो, तर इंग्रजीत शिल्लक दाखविण्यासाठी ‘अ’ जोडावा लागतो. म्हणून विसरभोळ्या मराठी माणसाच्या हातून चुकून दिलासा दिला जातो, आणि विसरभोळ्या इंग्रजी विद्यार्थ्याच्या हातून चुकून तूट दाखविली जाते.

मग स्पॅनिशमध्ये हा भेद नाही काय? आहे, आणि चांगला स्पष्ट आहे. ‘पोकोस’ म्हणजे थोडेच. ‘उनोस पोकोस’ म्हणजे काही, थोडे. तसेच ‘पोको’ म्हणजे थोडेच आणि ‘उन पोको दे’ म्हणजे थोडेसे. मग मुलगी चुकली कोठे? तिचे कारण ऐकून मला तिच्याविषयी आदरच वाटला. तिला वर्गात शिकविले होते, की ‘अ’ म्हणजे एक, आणि तो एकवचनी नामामागेच येतो. ‘बॅग्ज’ हे अनेकवचन. त्याच्या आधी ‘एक’ कसे लावावे? तिच्या भाषेतील ‘उनोस’ हे ‘उन’चे रीतसर अनेकवचन आहे, इंग्रजीतील ‘अ’ला अनेकवचन नाही. तेव्हा तिने नियम पाळून तो गाळला. नियम पाळणाऱ्याची चूक ही निष्काळजी माणसाच्या चुकीपेक्षा वेगळ्या खात्यात लिहिली पाहिजे.

गैरसमज दूर झाल्यावर त्या मुलीने स्नेह्यांमार्फत विचारणा केली, की हा विषय एकदा नीट लिहून मिळेल काय. मी एका पानाचे टिपण करून पाठविले. त्याचा गोषवारा येथे देतो, कारण तो स्पॅनिश भाषिकांसाठी लिहिला असला तरी आपल्या घरातील मुलांनाही उपयोगी पडेल. स्पॅनिश ही सुमारे वीस देशांची राजभाषा आहे, आणि आपल्या व्यापारी घरांतील पत्रे त्या देशांकडे जात असतात. समोरचा माणूस कोणत्या वळणाने चुकतो हे ठाऊक असणे व्यापारात भांडवलच ठरते.

पहिली गोष्ट. इंग्रजीत नामांचे दोन वर्ग आहेत. जी एक, दोन, तीन अशी मोजता येतात ती गणनीय : गोणी, खुर्ची, पुस्तक, मित्र. जी मोजता येत नाहीत, तोलावी वा मापावी लागतात ती अगणनीय : पाणी, तांदूळ, मीठ, वेळ, पैसा. गणनीय नामांना ‘मेनी’, ‘फ्यू’, ‘अ फ्यू’ आणि प्रश्नात ‘हाउ मेनी’. अगणनीय नामांना ‘मच’, ‘लिटल’, ‘अ लिटल’ आणि प्रश्नात ‘हाउ मच’.

दुसरी गोष्ट. स्पॅनिश विद्यार्थ्याला हा भेद नव्याने शिकावा लागत नाही. तो त्याच्या जिभेवर आधीपासून असतो. स्पॅनिशमध्ये ‘पुष्कळ’साठी एकच शब्द आहे, पण तो लिंगवचनाप्रमाणे चार रूपे घेतो : मुचो, मुचा, मुचोस, मुचास. पुष्कळ तांदूळ ‘मुचो आर्रोस’, पुष्कळ पाणी ‘मुचा आग्वा’, पुष्कळ पुस्तके ‘मुचोस लिब्रोस’, पुष्कळ खुर्च्या ‘मुचास सियास’. मराठीत आपण ‘थोडा वेळ, थोडी साखर, थोड्या गोण्या’ म्हणतो तशीच ही तऱ्हा. इंग्रजीला लिंगाशी कर्तव्य नाही, म्हणून चारांची दोन झाली. मुलीला मी सूत्र दिले ते असे : मनात स्पॅनिश शब्द उच्चारावा, शेवटी ‘स’ ऐकू आला तर ‘मेनी’, न आला तर ‘मच’. ‘पोकोस’, ‘पोकास’ आले तर ‘फ्यू’. ‘पोको’, ‘पोका’ आले तर ‘लिटल’. ‘कुआन्तोस’ आले तर ‘हाउ मेनी’. ‘कुआन्तो’ आले तर ‘हाउ मच’. आणि मागे ‘उनोस’, ‘उनास’ किंवा ‘उन’ असेल, तर इंग्रजीत ‘अ’ लावल्यावाचून पुढे जाऊ नये, मग नाम अनेकवचनी का असेना.

तिसरी गोष्ट, म्हणजे सूत्र जेथे फसते ती ठिकाणे. स्पॅनिशमध्ये सल्ला, लाकडी सामान, बातमी आणि माहिती यांची अनेकवचने होतात : कॉन्सेखोस, मुएब्लेस, नोतिसियास, इन्फॉर्मासिओनेस. इंग्रजीत ‘अ‍ॅडव्हाइस’, ‘फर्निचर’, ‘न्यूज’ आणि ‘इन्फॉर्मेशन’ ही चारही अगणनीय. ‘न्यूज’च्या शेवटी ‘ज’ ऐकू येतो, तरी ते अनेकवचन नव्हे. म्हणून ‘मेनी अ‍ॅडव्हाइसेस’ चुकीचे. एक सल्ला म्हणावयाचा तर ‘अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस’. पावाचेही तसेच. स्पॅनिशमध्ये ‘उन पान’ म्हणजे एक पाव सहज म्हणतात. इंग्रजीत त्यासाठी ‘अ लोफ ऑफ ब्रेड’ असे माप मागावे लागते. उलट दिशेने ‘खेन्ते’ हा शब्द फसवतो. त्याचा अर्थ लोक, पण स्पॅनिशमध्ये तो एकवचनी आहे आणि ‘मुचा खेन्ते’ असा प्रयोग होतो. ‘स’ ऐकू येत नाही म्हणून विद्यार्थी ‘मच पीपल’ लिहितो; हवे असते ‘मेनी पीपल’. ही पाच-सहा नामे पाठ केली की सूत्राची गळती बहुतांशी थांबते.

‘लिटल’मध्ये आणखी एक खड्डा आहे. त्याचा दुसरा अर्थ लहान. मित्र थोडेच आहेत असे सांगताना ‘लिटल फ्रेंड्स’ लिहिले, तर वाचणारा ते लहानगे मित्र समजेल.

चौथी गोष्ट होकार-नकाराची. ‘माझ्याकडे पैसे आहेत’, ‘पैसे आहेत का?’, ‘पैसे नाहीत’ या तिन्ही वाक्यांत स्पॅनिश आणि मराठी ‘पैसे’ या शब्दाआधी काही लावत नाहीत. इंग्रजी बहुधा लावते : होकारात ‘सम मनी’, प्रश्नात आणि नकारात ‘एनी मनी’. मात्र पाहुण्याला चहा विचारताना प्रश्नातही ‘सम टी’च म्हणतात, कारण तेथे विचारणारा ‘हो’ हे उत्तर गृहीत धरून असतो. आदरातिथ्याचे हे व्याकरण आपल्याकडे कोणास समजावून सांगण्याची गरज नाही. शिवाय स्पॅनिशमध्ये दोन नकार एकत्र आले तरी नकारच राहतो : ‘नो तेंगो नादा’, म्हणजे ‘माझ्याकडे काहीच नाही’. प्रमाण इंग्रजीत एका वाक्यात नकार एकदाच. म्हणून ‘डोन्ट’ आले की पुढे ‘नथिंग’ नव्हे, ‘एनिथिंग’.

पाचवी गोष्ट नवशिक्याच्या सोयीची. ‘आय हॅव मच मनी’ हे नियमात बसते, पण कानाला खटकते. साध्या होकारार्थी वाक्यात इंग्रज माणूस ‘अ लॉट ऑफ’ म्हणतो, आणि ते दोन्ही वर्गांना चालते : ‘अ लॉट ऑफ बॅग्ज’, ‘अ लॉट ऑफ वॉटर’. तसेच नुसते ‘फ्यू’ व ‘लिटल’ लिहिण्याऐवजी ‘नॉट मेनी’ व ‘नॉट मच’ लिहावे. अर्थ तोच राहतो आणि एक ‘अ’ गळाल्याने उलथापालथ होण्याचे भय राहत नाही.

टिपण येथे संपले. परंतु लिहिता लिहिता माझ्या मनात एक विचार येत राहिला, की गणनीय काय आणि अगणनीय काय हे वस्तू ठरवते की भाषा? तांदळाचेच पाहा. मराठीत आपण ‘तांदूळ महागले’, ‘गहू चांगले आहेत’ असे अनेकवचन योजतो, आणि लगेच ‘ज्वारी महागली’, ‘डाळ चांगली आहे’ असे एकवचन. दाणे चारही धान्यांत आहेत. इंग्रजीला तांदूळ आणि गहू दोन्ही अगणनीय वाटतात. स्नेह्यांच्या मालाचेही तसेच : हळकुंडे मोजता येतात, तीच दळली की हळद होते आणि तोलावी लागते. वस्तू तीच, आपण तिच्याकडे कोणत्या हिशेबाने पाहतो त्यावर वर्ग ठरतो.

आपल्या पूर्वजांना हे उत्तम ठाऊक होते. ज्ञाताधर्मकथांगातील मल्ली अध्ययनात चंपानगरीचा अर्हन्नक आणि त्याचे सोबती समुद्रयात्रेला निघतात, तेव्हा त्यांच्या मालाचे चार प्रकार सांगितले आहेत : गणिम, धरिम, मेय आणि परिच्छेद्य. गणिम म्हणजे मोजून विकावयाचा माल, नारळ-सुपारीसारखा. धरिम म्हणजे तराजूत धरून तोलावयाचा, गुळासारखा. मेय म्हणजे मापाने मापावयाचा, धान्य किंवा तेलातुपासारखा. आणि परिच्छेद्य म्हणजे पारखून किंमत ठरवावयाचा, रत्नांसारखा. इंग्रजी व्याकरणाने केलेले वर्ग दोन. आगमातील व्यापाऱ्यांच्या मालाचे चार. तत्त्वार्थसूत्रातही जीवादी तत्त्वे जाणण्याच्या साधनांत ‘संख्या’ आणि ‘अल्पबहुत्व’ यांना स्वतंत्र स्थान आहे. किती आहे हे एक, आणि तुलनेने थोडे आहे की पुष्कळ हे दुसरे. ‘फ्यू’ आणि ‘मेनी’ हे शब्द या दुसऱ्या खात्यातले आहेत. ते आकडा सांगत नाहीत, आकड्याविषयीचे मत सांगतात.

बँकेतील माझ्या कामातही हा भेद रोज भेटत असे. निर्यातीच्या पतपत्रांना लागू होणारे यूसीपी 600 हे नियम आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने 1 जुलै 2007 पासून लागू केले. त्यातील 30 वे कलम पाहा. पतपत्रात नुसते ‘10 टन हळद’ असेल, तर सर्वसाधारणपणे मालात 5 टक्के कमी-अधिक चालते, म्हणजे 9.5 ते 10.5 टन, फक्त उचलीची एकूण रक्कम पतपत्राच्या रकमेबाहेर जाता कामा नये. पण मालाचे परिमाण ‘400 गोण्या’ असे नगांत सांगितले असेल, तर ही सवलत नाही. 399 भरल्या तरी कागदपत्रांत विसंगती निघते. आणि प्रमाणाआधी ‘अबाउट’ हा शब्द घातला असेल, तर 10 टक्के कमी-अधिक मान्य होते. जे तोलले जाते त्याला सूट, जे मोजले जाते त्याला नाही. व्याकरणातील गणनीय-अगणनीयाचा भेद येथे कायदा होऊन बसला आहे.

आणखी एक कबुली द्यावीशी वाटते. ‘अ‍ॅडव्हाइसेस’ हे अनेकवचन चुकीचे आहे असे त्या मुलीला मी लिहिले खरे; पण बँकेत आम्ही तो शब्द सर्रास वापरीत होतो. तेथे त्याचा अर्थ सल्ला नव्हे, तर सूचनापत्र. खात्यात रक्कम जमा झाल्याचा कागद हा मोजता येतो. त्याचे अनेकवचन होते. वडीलधाऱ्यांचा सल्ला मात्र इंग्रजीतही मोजला जात नाही, आणि ते योग्यच आहे.

आता प्रकरणाचा शेवट. मुलीला कामावरून दूर करण्याचा विचार तिकडच्या मालकांच्या मनात होता. आपल्या स्नेह्यांनी त्यांना पत्र लिहिले. मसुदा मी केला, पण आशय सर्वस्वी त्यांचा. त्यात त्यांनी नमूद केले, की लिहिणाऱ्या मुलीकडून एक लहान शब्द राहिला हे खरे. परंतु शंका येताच विचारणा करणे हे वाचणाऱ्याचे कर्तव्य होते, आणि आम्ही आम्हांस सोयीचा अर्थ घेऊन स्वस्थ बसलो. तेव्हा दोष अधिक आमचा आहे. 14 गोण्यांची, म्हणजे 350 किलो हळदीची किंमत त्यांनी आपल्या खात्यातून वजा करून दिली. विम्याकडून ती वसूल होणार नव्हती, हे त्यांना ठाऊक होते. पत्राच्या शेवटी त्यांनी ‘मिच्छा मि दुक्कडं’ हे शब्द घातले आणि मला त्यांचा अर्थ स्पॅनिशमध्ये लिहावयास लावला.

आठ दिवसांनी उत्तर आले. मागणी पूर्ववत झाली होती. पत्र त्याच मुलीने लिहिले होते. त्यात एक वाक्य होते, ‘आय स्टिल मेक अ फ्यू मिस्टेक्स’, म्हणजे अजून माझ्याकडून काही चुका होतात. ‘अ’ जागच्या जागी होता. स्नेह्यांनी ते वाक्य मला दूरध्वनीवर दोनदा वाचून दाखविले.

या साऱ्यातून आपल्या पेढ्यांनी घ्यावयाचा धडा साधा आहे. व्यापारी पत्रात ‘थोडे’, ‘काही’, ‘पुष्कळ’ हे शब्द शक्यतो लिहू नयेत; आकडा लिहावा. ‘14 गोण्या भिजल्या’ असे लिहिले असते, तर कोणाच्याही व्याकरणाची परीक्षा झाली नसती. समोरून असा शब्द आला, तर उत्तर देण्यापूर्वी ‘नेमक्या किती?’ एवढे विचारावे. विशेषतः जो अर्थ वाचून आपल्याला समाधान वाटते, तो एकदा पुन्हा तपासून पाहावा. ताळेबंद जुळला की आपण पेन खाली ठेवतो. पण जुन्या मुनिमांची रीत अशी, की पहिल्याच वेळी जुळलेला ताळेबंद ते दुसऱ्यांदा तपासत.

घरातील मुलांसाठी लहानसा स्वाध्याय : स्वयंपाकघरातील वीस जिनसांची यादी करावी, आणि प्रत्येकीपुढे ती गणिम, धरिम, मेय की परिच्छेद्य हे लिहून मग इंग्रजीत ‘मेनी’ लागेल की ‘मच’ ते ठरवावे. यादी पूर्ण झाल्यावर ती आजीकडून तपासून घ्यावी. इंग्रजी तिला येत नसेल. परंतु काय मोजायचे आणि काय तोलायचे, हे तिच्याइतके अचूक कोणास ठाऊक असणार?